थोरलीचं ‘पाहिलं’

त्या कंपनीत दोन जावा कामाला होत्या, आणि कंपनीचं सगळं काम संगणकाच्या ज्या भाषेत चाले ती भाषा मात्र जावा नव्हती. हा विनोद धाकटी रुजू झाली त्या दिवशी चहाच्या मशीनपाशी कुणीतरी केला. धाकटी इतकी खळखळून हसली की विनोद करणाऱ्याला स्वतःविषयी गैरसमज झाला. थोरली हसली नाही. तिनं तो विनोद आदल्या रात्रीच मनात करून, तपासून, बाद करून टाकला होता.

थोरलीचं हे असंच. माहेरी पाच बहिणींतली ती मधली. घरात कंगवा एक, टेबलावरचा दिवा एक, शाईचं पेन एक. कंगवा घ्यावा तर त्यात दुसरीचे केस, पेन उचलावं तर निब तिसरीच्या दाबानं फाकलेलं, आणि दिवा लावायला जावं तर बल्बच गेलेला. “कुणी केलं?” म्हणून विचारलं की पाचही जणी छताकडे बघायच्या. सामाईक वस्तूचं काय होतं हे थोरली शाळेतच शिकली होती. पुढे कॉलेजात तिच्या हाती ही भाषा आली आणि ती सरळ तिच्या प्रेमातच पडली. या भाषेत सामाईक असं काही नसतंच. एकदा एखाद्या गोष्टीला किंमत दिली की दिली. ती खोडता येत नाही, वरून गिरवता येत नाही, आणि तुमची पाठ वळल्यावर कुणी तिला हात लावू शकत नाही. बदल हवा असेल तर नवी प्रत करा आणि पुढच्याच्या हातात द्या. जुनी आहे तिथेच, आहे तशीच राहणार. वर्गातल्या इतरांना हा जाच वाटला. थोरलीला आयुष्यात पहिल्यांदा स्वतःचा कंगवा मिळाल्यासारखं वाटलं.

कंपनी दवाखान्यांसाठी सॉफ्टवेअर करायची. थोरली लागली तेव्हा कंपनी म्हणजे सर, ती आणि खुर्चीवर उशी घेऊन बसणारा एक हिशेबनीस, एवढंच होतं. पेशंटचे नंबर पुकारायची यंत्रणा तिनं एकटीनं लिहिली. काउंटरवर नंबर मिळतो, डॉक्टर बटण दाबतात, बाहेरच्या बोर्डावर पुढचा आकडा येतो. दिसायला एवढंसं काम. पण ‘आता कितवा नंबर चालू आहे’ ही गोष्ट सतत बदलणारी, आणि भाषा तर काहीच बदलू न देणारी. थोरलीनं तो आकडा कुठेही ठेवला नाही. आग विझवताना बादली या हातातून त्या हातात जाते, तसा तिनं तो एका फंक्शनमधून, म्हणजे प्रोग्रामच्या एका तुकड्यातून, दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात पुढे दिला. लिहायला वेळ लागे, वाचायला तर त्याहून जास्त. पण इतक्या वर्षांत एकाही दवाखान्यात बोर्डावर चुकीचा नंबर आला नाही, आणि हे सर प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला सांगत.

सरांनी एक पद्धत घालून दिली होती. कुणीही काही लिहिलं तरी दुसऱ्या माणसानं ते ओळन्‌ओळ वाचायचं, आणि पटलं तर खाली एकच शब्द लिहायचा: पाहिलं. त्याशिवाय काहीही दाराबाहेर जात नसे. नियमात ‘दुसरा माणूस’ असं होतं. प्रत्यक्षात तो दुसरा माणूस म्हणजे थोरली. नवी पोरं तिला टरकून असायची, कारण ती स्वल्पविरामावरून सुद्धा काम परत पाठवायची. पण तिचं ‘पाहिलं’ मिळालं की पोरं ते घरी सांगायची. सगळ्या कामाची परीक्षा घेणारा एक टकला गृहस्थ होता, त्याला ऑफिसात शंकासुर म्हणत. थोरलीनं पाहिलेल्या कामावर तोही फारशी शंका काढत नसे.

सर वर्षअखेर निवृत्त होणार होते. दवाखान्यांचा सगळा विभाग ते कुणाच्या तरी हाती देणार होते, आणि ते कुणाच्या हे विचारायचीसुद्धा कुणाला गरज वाटत नव्हती. सरांच्या केबिनमधलं कपाट खिडकीसमोरून कुठल्या भिंतीला सरकवायचं हे थोरलीनं मनातल्या मनात ठरवून टाकलं होतं.

आणि मग तिनं आपल्याच हातानं धाकटीला आणलं. खरं तर नवऱ्यानं आणायला लावलं.

“तिथे तुझ्या शब्दाला वजन आहे म्हणतेस ना?” तो म्हणाला. “मग टाक की एक शब्द. तिची ती गेमवाली कंपनी बुडाली. घरात बसून बसून ती धाकट्याचं डोकं खातेय.”

थोरलीनं शब्द टाकला. त्यात मोठेपणा होता, आणि तो तिला आवडला होता. धाकटी वरच्या मजल्यावरून धावत खाली आली, तिच्या गळ्यात पडली, “ताई, मी तुमचं नाव खाली जाऊ देणार नाही,” म्हणाली. त्या वेळी थोरलीचं मन खरोखर भरून आलं होतं. हे लिहून ठेवायला हवं, कारण पुढे यातलं काही शिल्लक राहिलं नाही.

धाकटी खुर्चीत मांडी घालून बसायची. रोज उशिरा यायची आणि येताना सगळ्यांशी बोलत बोलत आपल्या टेबलापर्यंत पोचायची. तिच्या टेबलावर केळ्याची सालं असायची, कधी ओला स्कार्फ. काम मात्र असं करायची की थोरलीला परत पाठवायला कारण सापडू नये. थोरली ते दोनदा वाचायची, तिसऱ्यांदा वाचायची, आणि तिसऱ्या वाचनात तिला कळायचं, आपण हे असं लिहिलं नसतं. सुचलंच नसतं. ‘पाहिलं’ लिहिताना तिची बोटं जड व्हायची.

घरातही तेच. खालच्या मजल्यावर थोरली, वर धाकटी. सासूबाई खाली, थोरलीकडे. त्यांची औषधं, त्यांचा चष्मा, त्यांचं रुसणं, त्यांचं गरम पाणी, सगळं थोरलीकडे. आणि सुट्टीच्या दिवशी चार वाजले की त्याच सासूबाई दुखरे गुडघे घेऊन, कठडा धरून, एकेक पायरी चढत वर जायच्या.

“वर एवढं काय आहे हो आई?” एकदा थोरलीनं विचारलं.

“काही नाही गं. ती बोलते जरा.”

बोलते जरा! थोरलीच्या अंगाचा तिळपापड झाला. म्हणजे आपण काय करतो? आपण गोळ्या देतो. त्या आठवड्यात तिनं सासूबाईंशी मुद्दाम पुष्कळ बोलून पाहिलं. भाजीबद्दल, हवेबद्दल, शेजाऱ्यांच्या भिंतीला आलेल्या ओलीबद्दल. सासूबाईंनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “मोठी, तुला बरं वाटत नाहीये का?”

थोरलीला धाकटीचा मत्सर वाटत होता. याला दुसरा शब्द नाही, आणि तिला तो शब्द माहीत होता, हेच वाईट. माणसाला आपला मत्सर कळत नसेल तर तो सुखानं जळतो. थोरली एकीकडे जळायची आणि दुसरीकडे स्वतःला बघून घ्यायची. केबिनमधून सरांचं हसणं ऐकू आलं की तिचे कान टवकारायचे. सर तिच्यासमोर इतक्या वर्षांत असे मोठ्यानं हसले नव्हते. ती त्यांना कधी हसण्यासारखं काही बोललीच नव्हती, हेही तिला कळत होतं. कळून उपयोग नव्हता.

अशात डोळ्यांच्या एका मोठ्या हॉस्पिटलचं काम आलं. तिथे खोल्या भरपूर, डॉक्टर भरपूर, आणि गर्दी तर विचारू नका. त्यांना नंबर हॉलमधल्या बोर्डावर हवा होता, प्रत्येक खोलीत डॉक्टरांसमोर हवा होता, आणि खाली उपाहारगृहात बसलेल्या नातेवाइकांच्या फोनवरही हवा होता. सरांनी मीटिंग बोलावली आणि थोरलीकडे बघितलं. थोरलीनं सगळं आधीच मांडून ठेवलं होतं. बादली आता पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त हातांतून जाणार होती, म्हणजे जवळजवळ प्रत्येक फंक्शन उघडून त्याला एक जास्तीचा हात लावायचा.

“दीड महिना,” ती म्हणाली.

“ते पंधरा दिवसांत मागताहेत,” सर म्हणाले.

“मग चुका होतील.”

तेव्हा धाकटीनं शाळेतल्यासारखं बोट वर केलं. “सर, एक विचारू? आकडा असा हातोहात फिरवण्यापेक्षा एकाच जागी ठेवला तर? एक कोनाडा करायचा. ज्याला बघायचाय त्यानं तिथे बघायचं, ज्याला बदलायचाय त्यानं तिथेच जाऊन बदलायचा.”

“या भाषेत कोनाडा नसतो,” थोरली म्हणाली.

“असतो की, ताई. जरा मागच्या दारानं करावा लागतो, एवढंच.”

सगळे हसले. धाकटी कुणाला हसवायला बोलली नव्हती, पण हसले खरे. थोरलीला तिचे कान तापलेले जाणवले. सर पुढे वाकले आणि म्हणाले, “करून दाखव.”

धाकटीनं ते दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत करून दाखवलं. तिच्या टेबलाभोवती गर्दी जमली. एका पडद्यावर बटण दाबलं की बोर्डाचा आकडा बदलला, फोनचा बदलला, खोलीचा बदलला. शंकासुरानं सुद्धा “च्यायला” म्हटलं, आणि शंकासुराच्या तोंडून ती मोठीच पावती होती. मग वाचायला ते थोरलीकडे आलं.

थोरलीनं दार लावून घेतलं. तिला त्यात चूक हवी होती. तहानलेल्या माणसाला पाणी हवं असतं तशी हवी होती. आणि ती होती. पहिल्याच वाचनात सापडली.

प्रकरण साधं आहे. आपण लिहिलेलं मशीनला समजेल असं करून देणारा जो दुभाष्या असतो, त्याला कंपायलर म्हणतात. या भाषेचा कंपायलर भाबडा आहे. या भाषेत काहीच बदलत नाही असं तो धरून चालतो, आणि जे बदलत नाही त्याची नक्कल काय अन्‌ अस्सल काय, सारखंच. म्हणून काम वेगानं व्हावं यासाठी तो एखाद्या वस्तूचं नाव दिसलं की नावाच्या जागी तिची सगळी कृतीच चिकटवून देतो. एरवी त्यानं काही बिघडत नाही. पण इथली कृती काय? ‘एक कोनाडा बांध.’ ती तीन जागी चिकटवली की तीन कोनाडे बांधून मोकळा. डॉक्टर एका कोनाड्यात आकडा बदलणार, बोर्ड दुसऱ्यात बघत बसणार. म्हणून असा कोनाडा केला की त्याच्या डोक्यावर एक ओळ लिहावी लागते: बाबा रे, याची नक्कल करू नकोस. धाकटीनं ती ओळ लिहिली नव्हती. ऑफिसातल्या रोजच्या कामाला कंपायलर असली चलाखी करत नाही, त्यामुळे तिथे सगळं झकास चाललं होतं. हॉस्पिटलच्या मशीनसाठी शेवटची वेगवान प्रत बनवली जाईल तेव्हाच तो आपली कला दाखवणार होता.

थोरलीला हे तोंडपाठ होतं. कोनाड्यांचे सगळे तोटे तिनं पूर्वीच वाचून ठेवले होते, उद्या कुणी त्यांची बाजू घेतलीच तर उत्तर तयार असावं म्हणून.

ती उठली. हेही खरं आहे की ती सांगायलाच उठली होती. दार उघडून धाकटीच्या टेबलाच्या दिशेनं चार पावलं गेलीसुद्धा. तर तिथे सर धाकटीच्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून वाकून उभे होते आणि म्हणत होते, “पोरी, इतक्या वर्षांत मला हे कुणी दाखवलं नाही.”

थोरली परत फिरली. दार लावलं. खाली बसून तिनं एक शब्द लिहिला.

पाहिलं.

त्यानंतर तिनं मिठाची गुळणी धरली. आपण केलं काय, असं ती स्वतःला विचारायची. काहीच नाही. एक ओळ लिहिली नाही, आणि तीही दुसरीच्या कामातली. शंकासुर एकदा दारातून डोकावला आणि म्हणाला, “ताई, हे शेवटच्या प्रतीवर एकदा फिरवून बघू का? तसं तुम्ही पाहिलंय म्हणा.”

“पाहिलंय,” थोरली म्हणाली.

“मग मी कशाला उगाच डोकं खाजवू,” म्हणून तो गेला. खाजवायला त्याच्या डोक्यावर काही नव्हतंही.

घरी तिनं दोनदा भाजीत मीठ घातलं. नवऱ्यानं पहिला घास घेतला, पाणी प्याला आणि म्हणाला, “कुणावर राग आहे? माझ्यावर असेल तर सांग, मी बाहेर जेवतो.”

“कुणावर नाही.”

“तुला सगळं कळतं गं,” तो ताट सरकवत म्हणाला, “पण आवडत काहीच नाही.” नवरे कधीकधी न बघता दगड मारतात आणि तो नेमका लागतो. थोरलीनं भाजी ओतून दिली.

हॉस्पिटलात यंत्रणा सुरू व्हायच्या आदल्या संध्याकाळी धाकटी जिना उतरून आली. “ताई, आईंच्या मोतीबिंदूची तपासणी राहिलीय ना? उद्याच नेते त्यांना. आपला बोर्ड पहिल्यांदा लागेल तेव्हा त्या समोर बसलेल्या असतील. मजा!”

“उद्या गर्दी असेल,” थोरली म्हणाली. एवढंच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सगळं ऑफिस तिथे लोटलं. हॉलमध्ये एकमेकींना जोडलेल्या प्लास्टिकच्या खुर्च्यांच्या रांगा, फरशीला फिनेलचा वास, आणि समोर भिंतीवर नवा कोरा बोर्ड. निळ्या कपड्यातली एक बाई आल्या आल्या प्रत्येकाच्या डोळ्यांत बाहुली मोठी व्हायचे थेंब घालत होती. त्या थेंबांनी नजर धुरकट होते, म्हणून पेशंट जो तो शेजारच्याला विचारत होता, “किती झाला हो नंबर?” सासूबाई पहिल्या रांगेत बसल्या होत्या. हातात नंबराची चिठ्ठी, डोळ्यांच्या कडांना पाणी.

बोर्डावर शून्य होतं.

दहा वाजले, अकरा वाजून गेले, शून्यच. आत डॉक्टर बटण दाबत होते. त्यांच्या पडद्यावर आकडा पुढे जात होता, कुणी आत येत नव्हतं, म्हणून ‘गैरहजर’ म्हणून नोंद होऊन त्यापुढचा. बाहेर हॉल गच्च, आत डॉक्टर रिकामे. दोघांच्या मध्ये एक बंद दार, आणि दाराच्या दोन्ही बाजूंना लोक एकमेकांना शिव्या घालत बसलेले.

थोरली सासूबाईंच्या शेजारी होती. पहिली दहा मिनिटं, खोटं कशाला बोला, तिला गोड लागली. धाकटी काउंटरमागच्या छोट्या खोलीत पळापळ करताना काचेतून दिसत होती. केस विस्कटलेले. हसू गेलेलं.

“मोठी, किती नंबर झाला गं? मला सगळं पांढरंच दिसतंय.”

“शून्य, आई.”

“म्हणजे सुरूच नाही झालं?”

“नाही.”

सासूबाईंनी पदरानं डोळे टिपले. थेंब झोंबत असावेत. त्यांनी चाचपडत थोरलीचा हात शोधला आणि धरला. थोरलीला वाटलं, आत्ता उठावं, काचेवर टकटक करावं, एक ओळ सांगावी. ती अर्धी उठलीही. तेवढ्यात सासूबाई म्हणाल्या, “होईल गं. आपल्या धाकटीनं केलंय ना? मग होईल नीट.”

थोरली परत बसली.

शेवटी एक डॉक्टर तणतणत दार उघडून बाहेर आले. “अहो, पेशंट गेले कुठे सगळे?” असं ते ओरडणार होते. ‘अहो’ एवढं तोंडातून निघालं आणि समोरचा गच्च भरलेला हॉल दिसला. मग जो गोंधळ झाला तो सांगण्यासारखा नाही. एका आजोबांनी हातातली काठी बोर्डावर उगारली. निळ्या कपड्यातली बाई खुर्चीवर चढून तोंडानं नंबर पुकारू लागली. कोणाचा नंबर येऊन गेला, कोणाचा यायचाय, काही पत्ता लागेना. सासूबाईंचा तर केव्हाच ‘गैरहजर’ होऊन गेला होता. तपासणी न होता त्या संध्याकाळी घरी आल्या, जिना न चढता थेट पलंगावर आडव्या झाल्या आणि डोळ्यांवर ओला रुमाल ठेवून पडून राहिल्या.

धाकटी आली ती अंधार पडल्यावर. चूक तिची तिनंच शोधली होती. “एक ओळ, ताई,” ती दारातूनच म्हणाली. “फक्त एक ओळ.” तिचा आवाज बसला होता. थोरलीनं तिला चहा करून दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सरांनी दोघींना केबिनमध्ये बोलावलं. हॉस्पिटलवाल्यांनी फोनवर काय काय ऐकवलं ते सरांच्या चेहऱ्यावरच दिसत होतं. समोर धाकटीचं काम छापून ठेवलं होतं, आणि खाली तो शब्द.

“चूक झाली ती झाली,” सर म्हणाले. “पण हे पाहिलेलं काम आहे. म्हणून विचारतो.”

थोरलीनं तोंड उघडायच्या आत धाकटी बोलली. “सर, यात ताईंना नका धरू. त्यांच्या पद्धतीत कोनाडा नसतोच. असली ओळ लागते हे त्यांना कुठून ठाऊक असणार? मलाच माहीत असायला हवं होतं.”

ती थोरलीला वाचवत होती. अगदी मनापासून वाचवत होती. सरांच्या कपाळावरची आठी गेली. “खरं आहे,” ते मवाळपणे म्हणाले. “बाई, तुमचा दोष नाही. गोष्टी बदलतात, सगळ्यांना सगळंच कसं माहीत असेल? मी तर म्हणतो, हे ‘पाहिलं’चं ओझं आता उतरवा. नव्या पद्धतीचं काम धाकटी बघेल. तुमचं जुनं आहे ते तुम्ही सांभाळा. विभागाचं मग आपण निवांत बोलू.”

सुटली होती ती. साफ सुटली होती. मान हलवून बाहेर पडली असती तर जन्मात कुणाला कळलं नसतं. त्या केबिनच्या बाहेर ती एक भली, जुन्या वळणाची, नजर चुकलेली बाई म्हणून वावरली असती. लोकांनी तिला चहा आणून दिला असता. समोर धाकटी उभी होती, कालपासून केस न विंचरलेली, डोळे सुजलेले, आणि त्या डोळ्यांत थोरलीविषयी कीव होती.

कीव! बाकी सगळं थोरलीनं गिळलं असतं. खिडकी गेली, कपाट गेलं, विभाग गेला, गेला तर गेला. पण धाकटीला जे माहीत नव्हतं ते आपल्याला माहीत होतं, आणि हे जगात कुणालाच कळणार नाही? उलट धाकटीनंच आपल्याला अडाणी म्हणून पदराखाली घ्यायचं?

“मला ठाऊक होतं,” थोरली म्हणाली.

“काय ठाऊक होतं?” सरांनी विचारलं.

“ती ओळ. नाहीये हे मला पहिल्याच वाचनात दिसलं होतं. कंपायलर कुठे नक्कल करेल, किती कोनाडे होतील, बोर्डावर शून्य राहील, सगळं ठाऊक होतं.” आवाज तिचा नेहमीचा होता, काम परत पाठवतानाचा. “मी आंधळेपणानं ‘पाहिलं’ लिहिलेलं नाही, सर. आजवर कधीच नाही लिहिलं.”

सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. धाकटीच्या डोळ्यांतली कीव गेली, आणि क्षणभर, अगदी एकच क्षण, थोरलीला जिंकल्यासारखं वाटलं. मग धाकटीचा चेहरा पांढरा पडत गेला.

“आई येणार आहेत, हे मी तुम्हाला आदल्या दिवशी सांगितलं होतं,” ती म्हणाली.

धाकटीनं टेबलावरचे कागद उचलले, कडा जुळवल्या, छातीशी धरले. दारापर्यंत गेली आणि वळली. ती चिडेल, रडेल, निदान काहीतरी लागेलसं बोलेल, म्हणून थोरली ताठ उभी होती.

“मग आता मी माझं काम कुणाला दाखवू, ताई?” धाकटीनं विचारलं.

यात टोमणा नव्हता. तिला खरोखरच ते माहीत नव्हतं, आणि नेहमीसारखं ती थोरलीला विचारत होती.